सुभेदारांच्या ताटातला बुरिटो

एका स्वयंपाकघरात दोन-तीन बायका नेमाने जमू लागल्या, की तिथे पदार्थांपेक्षा हकिकतीच अधिक तयार होतात. पदार्थ खाऊन संपतात, हकिकती उरतात. आमच्या रविवारच्या बैठकीतल्या तर इतक्या उरल्या आहेत, की कोणी घरी आले आणि चहाला उकळी फुटेपर्यंतचा वेळ मिळाला, तरी एखादी आपोआप बाहेर पडते. आज सवडीने बसलाच आहात, तर काही सांगते.

बैठक भरते माझ्या घरी, सांगलीत. मी शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवीत असे. म्हणून इमारतीत सगळे मला ‘बाई’ म्हणतात. मी एकटी राहते. मुलाने हौसेने घेऊन दिलेला भला मोठा फ्रीज माझ्याकडे आहे. त्याच्या फ्रीजरमध्ये पूर्वी बर्फाखेरीज काही नसे.

समोरच्या घरातली वैशाली परिचारिका, इथल्या दवाखान्यात हंगामी. नवरा फौजेत, सीमेवर. मुलगी पुण्याला वसतिगृहात. घरात ती आणि सासरे. सासरे निवृत्त सुभेदार, त्यांना सगळे ‘आबा’ म्हणतात. तळमजल्यावरची मालन हळदीच्या गोदामात कामाला जाते. माहेर जत तालुक्यातले, मेंढरे राखणाऱ्यांचे. तिची बोटे बारा महिने पिवळी असतात.

वैशालीला कोयनानगरच्या दवाखान्यात नेमणूक मिळाली. कायमची, वर्षानुवर्षे वाट पाहिलेली. सोमवारी जायचे, शनिवारी यायचे. आनंद व्हायचा, तर घरात चिंता पसरली. आबांच्या जेवणाचे काय? आबा तव्यावरून उतरलेले ताजेच खातात. खानावळीचा डबा नको, स्वयंपाकाला परकी बाई नको. मागे वैशाली प्रशिक्षणाला गेली होती, तेव्हा त्यांनी आठवडाभर शेंगदाणे आणि गुळावर भागवले आणि शेवटी जिन्यात घेरी येऊन खाली बसले.

“आबा नीट जेवत्यात हे बघितल्याबिगर मी जाणार न्हाई,” वैशाली म्हणाली. “न्हाईतर नोकरी नको म्हणून कळवते.”

अशात मोबाइलवर तिला कोणा परदेशी बाईंचा व्हिडिओ सापडला. पोळीत घेवडा, भात, भाजी भरायची, गुंडाळून गोठवून ठेवायची, हवी तेव्हा तव्यावर गरम करायची. बुरिटो! रुजू व्हायला महिना होता. आम्ही पदर खोचले.

* * *

पहिल्याच रविवारी मतभेद झाला. बुरिटोला मैद्याची पोळी लागते, असे व्हिडिओतल्या बाईंचे म्हणणे. मालनला ते मुळीच मान्य नव्हते.

“मैदा? आवं बाई, मैद्याच्या खळीनं भित्तीला कागद चिकटवत्यात! आबांच्या पोटात काय चिकटवायचंय? भाकरीत भरू.”

आणि ती ज्वारीची भाकरी थापायला बसली. मी हातातले काम सोडून पाहत राहिले. तळवा परातीत फिरत होता आणि त्याखाली भाकरी वाढत होती. कड सगळीकडे सारख्याच जाडीची. तव्यावर पडली, पाणी फिरले, उलटली, आचेवर गेली आणि टम्म फुगली. अशी भाकरी पाहताना उपमा सुचत नाही, आणि सुचूही नये.

भाकरी दुमडली. मधोमध उकलली! दुसरीचे पीठ उकडून घेतले. तिने दुमडताना दम धरला, गोठतानाही धरला, आणि तव्यावर ठेवताक्षणी तिचे तुकडे झाले. आम्ही तिघींनी ते ताटलीत घेऊन चमच्याने खाल्ले.

मालन शांतपणे म्हणाली, “बुरिटो न्हाई झाला. पण कुस्करा म्हणून बघा की! असला कुस्करा उभ्या जतात गावायचा न्हाई!”

* * *

मग कणकेचीच पोळी करायची, पण तीत थोडा मैदा मिसळायचा, असा तह झाला. आत कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, अंगावर पट्टे असलेला, आंबेमोहोराचा भात, कांदा-लसूण चटणी आणि किसलेले पनीर.

मालनने घेवड्याचे पातेले आचेवरून खाली उतरूच दिले नाही. पोळी समोर आली की झाकण काढी, वाफाळता घेवडा घाली, पुन्हा झाकण ठेवी. मी भात पसरत होते, तोही वाफाळता. वैशाली झपाझप गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवत होती.

“हात चालवा बाई,” मालन मला दटावत होती. “गरम हाय तवर भरू. आबांना गार आवडत न्हाई!”

मला त्यात काहीही वावगे वाटले नाही. आपल्याकडे वाढायच्या अन्नाला गार होऊ देणे हा जेवणाऱ्याचा अनादर मानतात. हा संस्कार केवढा खोल गेलेला असावा! तीन जाणत्या बायका तासभर घाम गाळून अन्न गार होऊ देत नव्हत्या, आणि ते ठेवत होत्या फ्रीजरमध्ये!

शेवटचा बुरिटो ठेवताना वैशालीचा हात मध्येच थांबला. तिने फ्रीजरकडे पाहिले, वाफाळत्या पातेल्याकडे पाहिले, आणि ओट्याला टेकून मटकन खाली बसली. हसू तिला आवरेना.

आत कोंडलेल्या वाफेचे पाणी झाले, पाण्याचा बर्फ झाला, आणि तव्यावर त्या बर्फाचे पुन्हा पाणी झाले. मालनने तव्यात डोकावून गंभीरपणे विचारले, “बाई, ह्याला वाटी आणू का पेला?”

* * *

‘बुरिटो’ हा शब्द माझ्या जिभेवर बसेना. परका शब्द घ्यायला माझी हरकत नाही. बटाटा घेतला, पाव घेतला, टेबल घेतले. ते आता घरचेच झाले आहेत. परंतु बाहेरचे आणण्यापूर्वी घरात शोधून पाहावे, एवढाच माझा आग्रह असतो.

‘सारणवेष्टिका’ अर्थाने चोख होता. पण उच्चारला की तोंडाला कोरड पडे. ‘गुंडाळपोळी’ सुटसुटीत, मात्र त्यात सारणाचा पत्ता नाही. ‘भरली वळकटी’ म्हटले की डोळ्यांपुढे प्रवासातली गादी येते. मी एकेक शब्द उलटसुलट करून पारखत होते. भरलेली पोळी हातात तशीच उघडी.

मालनने ती माझ्या हातून काढून घेतली. “बाई, नाव बारशाला ठेवत्यात. आधी बाळ तर गुंडाळा!”

* * *

गुंडाळणे हेच तर साधत नव्हते. व्हिडिओतल्या बाई एका झटक्यात घडी घालीत. आमच्या घडीची टोके सुटत, सारण बाहेर डोकावे. तिसऱ्या रविवारी वैशालीने मोबाइल पालथा ठेवला.

“थांबा,” ती म्हणाली. “मला माझ्या पद्धतीनं करू द्या.”

तिचे माहेर शिराळ्याचे. नागपंचमीला आमच्या भागात तवा चुलीवर चढत नाही, चिरणे-कापणे नाही, तळणे नाही. त्या दिवशी दिंडे उकडतात. लाटलेल्या पोळीवर मधोमध पुरण ठेवायचे आणि चारी बाजूंनी दुमडून चौकोनी पुडी करायची, ते दिंड. वैशालीने पोळीचा डावीकडचा पदर आत घेतला, उजवीकडचा त्यावर टेकवला, खालचा वर ओढून सारणाखाली अलगद दाबला आणि पुढे लोटला. बुरिटो ओट्यावर बसला. एक टोक सुटेल तर शपथ!

“हे तुला कोणी शिकवले?” मी विचारले.

“कुणी न्हाई. आई करायची तवा शेजारी बसायची मी. तेवढंच.”

जगाच्या पलीकडच्या टोकाला कोणी एक बाई पोळीला जी घडी घालते, तीच घडी शिराळ्याच्या चुलीपुढे कोणीतरी नागोबाच्या नावाने घातली. दोघींची भेट नाही, भाषा एक नाही, देव एक नाहीत. पोळी, सारण आणि भूक एवढे तीन पदार्थ हाती दिले, की माणसाचे हात आपली वाट चालत चालत त्याच घडीपाशी येऊन थांबत असतील काय? व्याकरणात अशी चमत्कृती भेटली, की मी वर्गात शिकवता शिकवता थांबत असे. तसेच झाले.

मी थांबलेली पाहून मालन बोलली. “म्हंजे इतके रविवार आमी दिंडं करायला शिकत हुतो व्हय? आधी सांगायचं न्हवं गं भवाने!”

* * *

मालनचा भाऊ अजून मेंढरे राखतो. तो एका सकाळी बहिणीला भेटायला आला आणि परत जाताना तिने फडक्यात बांधून दोन बुरिटो त्याला दिले. अगदी दगड झालेले, चांदीच्या कागदात गुंडाळलेले. “दुपारपतुर सुटत्याल,” एवढेच ती म्हणाली. गरम कसे करायचे, हे सांगायचे तिच्या ध्यानातच राहिले नाही.

जतकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही. माळावर सावली शोधावी, तर मेंढरे एकमेकांच्या पोटाखाली डोके घालून उभी असतात. भावाने दुपारी पुडी सोडली. बर्फ विरघळला होता, पण पोळी गार. त्याने ती कागदासकट काळ्या कातळावर ठेवली आणि कळपाला पाणी पाजायला गेला. परत येऊन कागद उलगडला, तर आतून वाफ!

त्याने बहिणीला फोन केला. “आक्का, तुमी शहरातली माणसं लय येडी. गरम पोळी गार करता आन् गार पोळी परत गरम करता! हितं ऊन फुकट पडलंय.”

* * *

पहिला निर्दोष बुरिटो आबांच्या ताटात आला, त्या दिवशी मी आणि मालन काहीतरी निमित्त काढून हजर होतो. वैशालीने तूप सोडून तो दोन्ही अंगांनी खरपूस केला होता. आबा पाटावर ताठ बसले. त्यांनी ताटाकडे पाहिले.

“कवा केलं?”

वैशालीला खोटे बोलता येत नाही. “परवा, आबा.”

आबांनी ताट लोटले नाही. त्यांनी अन्नाला नमस्कार केला आणि हात मागे घेतला. “सूनबाई, बर्फात हुतो तवा म्हैनंम्हैनं डब्यातलं खाल्लंय मी. पुढं दुश्मन हुता, खावं लागायचं. हितं घरात कुठला दुश्मन हाय?”

वैशाली पीठ काढायला उठली. मालनने पुढे होऊन ताटातला बुरिटो उचलला.

“दुश्मनाच्या हाती पडण्यापरीस मीच खाते,” म्हणाली आणि बाहेर पडली.

जिन्यात मात्र तिचा आवाज उतरला. “बाई, म्हातारा ऐकायचा न्हाई. पोरीची नोकरी गेली समजा.”

* * *

तरी मालन गप्प बसणारी नव्हे. दोन दिवसांनी वैशाली कामावर असताना ती आबांच्या स्वयंपाकघरात शिरली. पोळपाट-लाटणे मांडले, हातांना पीठ फासले, एक बोट गालालाही लावले. मग माझ्या फ्रीजरमधून आणलेला बुरिटो तव्यावर गरम करून धापा टाकत बाहेर आणला.

“घ्या आबा! आत्ता केला! बघा, हात अजून पिठाचं हायती!”

आबांनी हातांकडे पाहिले, मग ताटाकडे.

“मालनबाई, तुमी केल्याली चपाती पिवळी असती. ही पांढरी कशी?”

मालन तशीच माझ्याकडे आली, गालावरच्या पिठासकट. “फौजेतली माणसं, बाई! जेवायला बसत्यात का चौकशीला?”

* * *

वैशालीच्या रुजू होण्याला आठवडा उरला आणि वादळाने तारेवर झाड पाडले. दुपार टळली तरी वीज येईना. माझा फ्रीजर पाझरू लागला. 

“एकदा सुटलं की परत गोठवायचं न्हाई,” वैशालीने ठणकावून सांगितले. “आज सगळं संपवायचं.”

गॅसवर दोन तवे चढले. साऱ्या इमारतीने त्या दिवशी बुरिटो खाल्ला. खाली वायरमन खांबाला शिडी लावून वर चढला होता, आणि शिडी धरून कोण उभे? आबा! मालनने त्याने वरून सोडलेल्या दोरीला पिशवी बांधून बुरिटो पाठवला. वायरमन काम थांबवून खाऊ लागला.

“लय भारी! काय हाय ह्ये?”

“आधी लाइट, मग नाव!” मालन खालून ओरडली.

“आधी आणखी एक, मग लाइट!”

आबांनी मान वर केली. “काय रं गड्या, कसं लागतंय?”

“आबा, चुलीवरनं आत्ता काढल्यागत!”

“गेल्या रविवारचं हाय ते,” आबा म्हणाले.

“आसू दे की! मला काय त्याची जन्मपत्रिका बघायचीय?”

खाली उभ्या सगळ्यांना हसू फुटले. आबा हसले नाहीत. पण तो शेवटचा घास गिळेपर्यंत ते वर पाहत होते. शिडी मात्र घट्ट धरलेली!

* * *

त्यानंतरही आबांनी बुरिटोला हात लावला नाही. रुजू होण्याचा दिवस आला. वैशालीने स्वतःच्या घरातला फ्रीजर भरला, तव्याखालची आच मंद कशी ठेवायची ते आबांना करून दाखवले आणि मला चावी दिली.

“बाई, हा एकच आठवडा. फोनवर विचारलं तर ते ‘जेवलो’च म्हणतील. तुमी फ्रीजर बघा. भरलेला दिसला तर मला कळवा, मी शनिवारी येताना राजीनामा देऊनच येते.”

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावणे माझ्या स्वभावात नाही. एकेक दिवस मी टाळत राहिले. गुरुवारी मालनने हाताला धरूनच नेले. दाराला कुलूप. आत गेलो. आबा नव्हते, त्यांचा फोन फळीवर. फ्रीजर उघडला.

रिकामा! एकही बुरिटो नाही!

“गाईला घातलं सगळं,” मालन म्हणाली. “एवढं चार दिवसांत एकट्या माणसाला खपतंय व्हय? आन् आता तोंड चुकवायला गावाकडं गेला आसंल.”

“मालन, पाहिल्याशिवाय काही गृहीत धरू नये,” मी म्हणाले. परंतु मनात मीही तेच धरले होते. वैशालीला कळवणे भाग होते. आयुष्यभर इतरांच्या वाक्यांत योग्य शब्द बसवीत आले. त्या वेळी मात्र हातात मोबाइल घेऊन उभी राहिले आणि पहिला शब्द सापडेना.

तेवढ्यात तोच वाजला. वैशालीचा फोन होता. पुढचे सारे तिच्या तोंडून ऐकलेले सांगते.

सकाळची पाळी संपवून ती बाहेर आली, तो व्हरांड्यातल्या बाकावर आबा. ताठ बसलेले, पायांशी फौजेतली काळी ट्रंक. सांगलीहून कऱ्हाड, कऱ्हाडहून पाटण, पुढे घाटाची वळणे, सगळे एसटीने. ती धावतच त्यांच्यापाशी गेली.

“आबा! काय झालं? घरी सगळं ठीक हाय न्हवं?”

“काय झालं न्हाई. जेवलीस का?”

आदल्या दिवशी फोनवर ती सहज बोलून गेली होती, की पाळी संपेपर्यंत इथली मेस बंद होते, मग चहा-बिस्किटावर भागते. आबांनी त्यावर काही विचारले नव्हते. फोन ठेवून दिला होता.

आता त्यांनी ट्रंक उघडली. आत जाड फौजी ब्लँकेट, त्याच्या आत वर्तमानपत्रांचे थर, आणि त्यांच्या आत बुरिटो, हाताला अजून गार लागणारे. परिचारिकांच्या खोलीत शेगडी होती. आबांनी तवा मागून घेतला, आच मंद केली आणि उभे राहून स्वतः गरम केले. बाकीच्या परिचारिका दारात जमल्या. पहिले ताट त्यांनी वैशालीपुढे ठेवले.

तिने घास घेतला नाही.

“आधी सांगा आबा. तुमी ह्यातलं खाल्लं का न्हाई? खोटं सांगू नका. न्हाईतर आत्ता राजीनामा देते आन् तुमच्यासंगंच सांगलीला येते.”

नव्याने भरती झालेल्या पोराकडे पाहावे तसे आबांनी तिच्याकडे पाहिले.

“पोरी, फौजेत जवानाच्या ताटात पडायच्या आधी जेवण सुभेदारानं चाखायचं असतं. सोमवारपासनं चाखतोय. खा.”